लेकी बोले, जावई पास!

अब्रू एकदम जात नाही बघा. दर रविवारी थोडी थोडी जाते, आणि गेल्याचं आपल्याला कळेपर्यंत तिचे किस्से झालेले असतात. माझे किस्से मी कधी साठवले नाहीत, ते काम लोकांनी केलं. इंदापूरला दाताच्या डॉक्टरकडं गेलो, तर खुर्चीत आ करून पडलेला पेशंट माझ्याकडं बघून हसला! तोंडात कापूस, तरी हसला. म्हणजे डॉक्टरनं त्यालाही सांगितलेलं. तेव्हा म्हणलं, लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपलं आपणच सांगावं.

मी संजय. बारामतीत माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे आणि सासुरवाडी सणसरला. सासरे साखर कारखान्यात केमिस्ट होते. मी त्यांना मामा म्हणतो, बाकी सगळे तात्या म्हणतात. नोकरीत असताना ऑफिसर लोकांच्या क्लबात ते ब्रिज शिकले आणि रिटायर झाल्यावर त्यांनी क्लब घरातच आणला. रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये चौघं बसायचे. एका बाजूला इंदापूरचे हे डॉक्टर आणि जगताप बाई. बाई कॉलेजात गणित शिकवायच्या, त्यांच्यासमोर मोठमोठे लोक अजून उभे राहतात. दुसऱ्या बाजूला मामा आणि त्यांचा कारखान्यातला जुना मित्र. तो मित्र मुलाकडं बंगळूरला राहायला गेला, आणि मामांच्या समोरची खुर्ची रिकामी झाली.

आता गंमत बघा. आमच्याकडं सासरा जावयाला सरळ काही सांगत नाही. रागावणं तर लांबच! मामांनी माझ्या बायकोला, सुनीताला, फोन केला. "काय गं, पाव्हणं रविवारी काय करत्यात?"

"झोपतात," ती म्हणाली.

"बरं, बरं. झोपू दे."

फोन ठेवून सुनीता मला म्हणाली, "बाबांनी तुम्हाला खेळायला बोलावलंय."

"अगं, झोपू दे म्हणाले ना?"

"तेच ते," ती म्हणाली.

*

मला मेंढीकोट येत होता. ब्रिज म्हणजे मोठा मेंढीकोट असणार, असं समजून मी जाऊन बसलो.

मामांनी समजावलं. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. "नो ट्रंप म्हंजे बिनहुकमाचा डाव. भिडू 'एक नो ट्रंप' म्हणला, की समजायचं, त्याच्याकडं पंधरा ते सतरा गुण हायत आन चारी रंगांत थोडं थोडं बरं हाय. मग आपली पानं बघून त्याला उत्तर द्यायचं. कळलं का पाव्हणं?"

"कळलं," मी म्हणालो. जावई 'नाही कळलं' कसं म्हणणार?

पहिलाच डाव. मामांनी पानं लावली, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "एक नो ट्रंप."

डॉक्टर पास म्हणाले. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, "हो, मामा."

बाईंनी पानं खाली ठेवली. "संजयराव, 'हो' ही बोली नाही."

*

दुसऱ्या रविवारी परत तेच. मामा "एक नो ट्रंप" म्हणाले. माझ्याकडं या वेळी चांगली पानं होती, बारा गुण. एक एक्का, दोन राजे, एक राणी. आणि मी हळू आवाजात म्हणालो, "पास."

एकच्या बोलीला मामांनी सात हात करायचे होते, त्यांनी दहा केले. बाई मला म्हणाल्या, "अहो, तात्यांचे पंधरा-सोळा, तुमचे बारा. सरळ तीन नो ट्रंप म्हणायचं होतं, नऊ हातांचं. गप्प का बसलात?"

मी खरं ते सांगितलं. "मामा एकदा बोलल्यावर त्यांच्या वर मी कसं बोलायचं?"

डॉक्टर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. बाई हसल्या नाहीत, म्हणून मला जास्त लाज वाटली. "नो ट्रंपला उत्तर देणारा कप्तान असतो, संजयराव," त्या म्हणाल्या. "बोली कुठं थांबवायची ते त्यानं ठरवायचं. समोर सासरा असो नाहीतर कलेक्टर!"

मामा स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "अगं ए, पाव्हण्यांना शिरा आण!"

मामींनी शिरा आणला. वर काजूच काजू. मी खूश झालो. मला काय माहीत! पुढं हळूहळू हिशोब लक्षात आला. मामांचा राग जेवढा मोठा, तेवढा आवाज मोठा, आणि आवाज जेवढा मोठा तेवढे मामी घाबरून काजू जास्त घालायच्या. त्या वर्षी माझं वजन वाढलं. लोक म्हणायचे, सासुरवाडी मानवली!

*

मग 'दोन किलवर' आलं. हा तर माझ्या स्वभावावरच घाला होता.

आपण एक नो ट्रंप म्हणालो आणि भिडू 'दोन किलवर' म्हणाला, तर त्याच्याकडं किलवर असतं असं नाही. तो विचारत असतो, "बाबा रे, बदामाची नाहीतर इस्पिकची चार पानं आहेत का तुझ्याकडं?" असली तर त्या रंगाचं नाव घ्यायचं. नसली तर 'दोन चौकट' म्हणायचं. दोन चौकट म्हणजे 'नाहीत'. एवढं सोपं.

त्या दिवशी मी नो ट्रंप म्हणालो. मामांनी विचारलं, "दोन किलवर?"

माझ्याकडं बदामाची दोनच पानं होती आणि इस्पिकची तीन. पण मामा इतक्या आशेनं बघत होते! वडीलधारं माणूस आपल्या तोंडाकडं बघून काहीतरी मागतंय आणि आपण तोंडावर 'नाही' म्हणायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन बदाम."

मामांचा चेहरा उजळला. "चार बदाम!" ते म्हणाले.

बदाम हुकूम झाले आणि खेळायला मी. मामांनी पानं टेबलावर उघडी मांडली, त्यात चार बदाम. माझ्याकडं दोन. बाईंकडं आणि डॉक्टरांकडं मिळून सात! आमचाच हुकूम आणि आम्हालाच मारत सुटला. तीन हातांनी बुडालो.

मामांनी डॉक्टरांकडं मोर्चा वळवला. "डॉक्टर, माणसानं नसलं तर न्हाय म्हणावं! त्यात काय कमीपना हाय?"

डॉक्टर गांगरले. "तात्या, मी काय केलं? मी तर तुमच्या विरुद्ध खेळतोय!"

"ते व्हय. पर सांगून ठेवतो," मामा म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून अशा आवाजात ओरडले की मामींनी त्या दिवशी बदामसुद्धा घातले. बदाम! शिऱ्यात सात निघाले.

*

पण माझी खरी इज्जत गेली ती ट्रान्सफरमध्ये.

ट्रान्सफर म्हणजे काय, ते मामांनी फार छान समजावलं होतं. भिडू एक नो ट्रंप म्हणाला आणि आपल्याकडं बदामाची पाच पानं असली, तर 'बदाम' म्हणायचं नाही. 'दोन चौकट' म्हणायचं. मग भिडूनं आपणहून 'दोन बदाम' म्हणायचं. म्हणजे बदाम तो खेळतो आणि त्याची भारी पानं झाकलेली राहतात.

"पण मामा," मी म्हणालो, "मागच्या वेळी दोन चौकट म्हणजे 'नाहीत' होतं ना?"

"ते किलवर इचारल्यावर. हे न इचारता." मामांनी दीर्घ श्वास घेतला. "आसं बघा पाव्हणं. लेकी बोले सुने लागे. सुनेला सरळ बोलता येत न्हाय, म्हणून सासू लेकीला बोलती, आन सून वळखती. चौकट ही लेक. बदाम ही सून. चौकटीला बोलायचं, बदामाला लागायचं."

याच्यापेक्षा सोपं कुणी सांगू शकेल? मी मान डोलावली. मनात म्हणलं, हे तर आपल्या घरातलंच आहे.

दोन डाव झाले. मी म्हणालो, "एक नो ट्रंप."

मामा म्हणाले, "दोन चौकट."

मी माझ्या पानांकडं बघितलं. चौकटीचा राजा, राणी, शिवाय दोन पानं. वा! मामांकडंही चौकट, माझ्याकडंही चौकट! मी आनंदानं म्हणालो, "पास!"

बाईंनीही लगेच पास म्हणून टाकलं. चौकटीचं नाव मामांनी आधी घेतलं, म्हणून खेळायचं त्यांना आणि पानं उघडायची मला. मी माझी पानं मांडली. माझे तीन बदाम बघून मामांनी डोळे मिटले. त्यांच्या हातात बदामाची सहा होती, आणि चौकटीचं एक. एकटी दुर्री.

बाई शांतपणे म्हणाल्या, "लेकीला बोलले. पण सून माहेरी गेलेली!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा उठले, खिडकीपाशी गेले. बाहेर कठड्यावर मांजर बसलं होतं. "काय गं," ते मांजराला म्हणाले, "आत्ता सांगितल्यालं आत्ता इसरतीस? ध्यान कुठं आसतं तुजं? आँ? बसायचं आसंल तर नीट बस, न्हायतर जा!"

मांजर गेलं. मी बसून राहिलो.

संध्याकाळी घरी आलो तर सुनीता म्हणाली, "बाबांचा फोन होता. विचारत होते, दुकानात काही टेन्शन आहे का."

*

हे सगळं मी हसून सांगतोय, पण एक गोष्ट मला आतून लागली. एकदा मामा आत पाणी प्यायला गेले होते. मी बाईंना सहज म्हणालो, "मामा किती समजूतदार आहेत नाही? मी एवढा चुकतो, पण एक शब्द बोलत नाहीत."

बाई पत्ते पिसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या आधी जो त्या खुर्चीत बसायचा ना, त्याला तात्या 'गाढवा' म्हणायचे. एकदा पत्त्यांचा कॅट फेकून मारला होता. तो भिडू होता. तुम्ही जावई आहात, म्हणून बसलाय तिथं."

माझी कानशिलं तापली. खरं होतं ते. मी भिडू नव्हतोच. मी पाहुणा होतो, आणि पाहुण्याला कुणी ऊठ म्हणत नाही. मामांचा आठवड्यातला एकच आनंद मी दर रविवारी मातीत घालत होतो आणि वर शिरा खात होतो! त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. मामांनी मला एकदा तोंडावर शिवी द्यावी. भिडूला देतात तशी.

मग मला दुर्बुद्धी सुचली. म्हणलं, एकदा एवढी मोठी माती खाऊ की मामांचा बांध फुटलाच पाहिजे.

मामा म्हणाले, "एक नो ट्रंप." माझ्याकडं सगळे मिळून तीन गुण. म्हणजे मुकाट्यानं पास. मी खणखणीत म्हणालो, "तीन नो ट्रंप!"

बाईंनी लगेच डबल केलं, म्हणजे बुडलो तर मार दुप्पट. मी पानं मांडली. मामांनी ती बघितली. मी मान खाली घालून वाट बघत बसलो. आता येणार. आता येणार!

तेवढ्यात डॉक्टरांना पेशंटचा फोन आला. दाढ ठणकत होती. डॉक्टर एका हातानं फोन धरून "लवंग धरा, लवंग!" असं ओरडत होते आणि दुसऱ्या हातानं पानं टाकत होते. काय टाकत होते ते त्यांचं त्यांना माहीत. बाईंचे डोळे लाल झाले. मामांनी एकेक करत नऊच्या नऊ हात ओढले!

मामा उठून उभे राहिले. "वा पाव्हणं! ह्याला म्हणत्यात छाती! आमी न्हाय बुवा बोललो आसतो!" आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

शिरा आला, तर एकही काजू नाही. म्हणजे माणूस खरंच खूश होता. आणि मी मुद्दाम त्यांना बुडवायला निघालो होतो. तो शिरा मी दोन चमचे खाऊन तसाच ठेवला.

*

त्यानंतर मात्र मी खरंच शिकलो. बाईंच्या घरी जाऊन शिकलो, सुनीतासमोर पानं मांडून शिकलो, दुकानात काउंटरच्या आड पत्ते ठेवून शिकलो.

एकदा निमगाव केतकीचे एक आबा ठिबकची नळी घ्यायला आले. "सोळा एमेमची लॅटरल पायजे. दोन बंडल."

माझ्या डोक्यात दुसरंच चाललेलं. मी म्हणालो, "दोन म्हणजे ट्रान्सफर."

"ट्रान्सफर न्हाय बाबा," आबा म्हणाले, "रोख देतो."

*

शेवटचा किस्सा परवाचा आहे.

बारामतीत ब्रिजची जोड्यांची स्पर्धा होती. पुण्याहून, सोलापूरहून लोक आले होते. मामांना जायचं होतं, पण मला विचारवेना. सुनीताला फोन आला, "पाव्हण्यांना म्हणावं, त्या दिवशी दुकान सोडू नका." मी दुकान बंद ठेवलं, मामांना घ्यायला सणसरला गेलो. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून ते फाटकात उभे होते. काटेवाडी मागं पडली. मग ते खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत म्हणाले, "दोन चौकट म्हणजे बदाम बरं का." ते उसाला सांगत होते. मी म्हणालो, "ध्यानात आहे, मामा."

तिथं बोलायचं नसतं. समोर छोटी पेटी असते, तिच्यात बोलीची कार्डं. जे म्हणायचं त्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवायचं.

सकाळभर मी एकही चूक केली नाही. जिथं पास तिथं पास, जिथं तीन तिथं तीन. 'नाहीत' असं तोंडावर सांगितलं दोनदा! जेवणाआधी भिंतीवर निकाल लागला, त्यात आम्ही वरून चौथे. मामांनी त्या कागदाला हात लावून बघितला.

जेवणानंतर पुण्याच्या दोन बायका आमच्यासमोर आल्या. मामांनी कार्ड ठेवलं, एक नो ट्रंप. पहिल्या बाई पास. माझ्या हातात बदामाची पाच आणि चौकटीचं एक पान होतं. छाती जरासुद्धा धडधडली नाही. मी दोन चौकटीचं कार्ड ठेवलं. दुसऱ्या बाई पास.

आता मामांनी टेबलावर टकटक करून समोरच्यांना सांगायचं, की ही चौकट खरी नाही, ट्रान्सफर आहे. आणि मग दोन बदाम ठेवायचे.

मामा माझ्या कार्डाकडं बघत राहिले. छान हसले. आणि पेटीतून हिरवं कार्ड काढून ठेवलं. पास.

पहिल्या बाईंनी आपलं पासचं कार्ड इतक्या घाईनं ठेवलं, की ते घसरून माझ्या मांडीवर पडलं.

नियम असा, की भिडूकडून सांगायचं राहिलं असेल तर खेळ सुरू व्हायच्या आत आपण सांगायचं. जगताप बाईंनी ते माझ्याकडून घोकून घेतलं होतं. मला सांगावं लागलं. जमिनीकडं बघत मी म्हणालो, "ती ट्रान्सफर होती. बदामाची. सांगायची राहिली."

मामांचं हसू गेलं. पहिलं पान पडल्यावर त्यांनी आपली पानं मांडली. हुकमाच्या जागेवर त्यांनी बदाम ठेवले, एक्का, राजा आणि दोन पानं. मग थांबले. ते उचलून पलीकडं सरकवले, आणि चौकटीची तीन बारकी पानं त्या जागेवर आणली.

चार हातांनी बुडालो. खेळताना मला माझी पानं नीट दिसत नव्हती. आजवर माझ्या चुकीची मला जेवढी लाज वाटली, त्याच्या कितीतरी पट त्यांच्या चुकीची वाटत होती. त्यांच्या पांढऱ्या शर्टाकडंसुद्धा मला बघवेना.

डाव संपला. मीच आधी बोललो. "मामा, चूक माझी आहे. माझा आवाज बारीक पडला असेल."

पुण्याच्या एक बाई हळूच म्हणाल्या, "अहो, इथं कार्ड ठेवतात. आवाज कुठून आला?"

"मग कार्ड वाकडं ठेवलं असेल मी," मी म्हणालो. "तुम्हाला दिसलं नसेल, मामा. इथं उजेडच कमी आहे. आणि जेवणही जड होतं. असू दे, तुमचं काही नाही त्यात. चहा घेता का? खुर्ची टोचतीय का? थांबा, मी उशी बघतो..."

मामांनी पत्ते गोळा करून पाकिटात घातले. मग माझ्याकडं बघितलं. पुण्याच्या बायकांकडं नाही, खिडकीकडं नाही, माझ्याकडं.

"संज्या," ते म्हणाले, "गाढवा, मला कवापास्नं जावई केलास रं?"